चौकशी

धरणगावच्या बंद पडलेल्या जिनिंगमध्ये
पौषातल्या दुसऱ्या शनिवारी मेळावा भरतो.
भिंतींना अजून सरकीचा वास आहे.
आत एकोणीस टेबलं, एकोणीस वस्त्या.
एक चूल, एक विहीर, एक हिशेबाची वही
असं ज्यांनी ज्यांनी ठरवून मांडलंय
ते आपापले फोटो खिळ्यांना टांगून बसतात.
दाराशी माझं टेबल.
त्यावर पत्र्याची पाटी : चौकशी.

पाटी डेपोतून आणलीय. मागून घेतली, चोरली नाही.
एकतीस वर्षं चोपडा स्टँडच्या खिडकीत
मी गाड्या सांगितल्या.
शिरपूर सव्वादहा. यावल फलाट पाचला लागलीय.
अडावदला उतरा, पुढे पायी.
माणूस जाळीशी वाकला की कळायचं,
याला गाडी हवीय
की नुसतं कुणीतरी बोलायला.

आता विचारतात, कुठल्या वस्तीत राहायला जाऊ?
मी लगेच बोट दाखवत नाही.
दुसऱ्याने घासलेल्या ताटाला राख राहिली
तर बोलता, परत घासता, की तीन दिवस गप्प?
रात्री दाराला कडी लागते का?
लाजू नका, हवी तर हवी म्हणा.
(मला हवी. दोन खोल्या आहेत माझ्या, दोन्हींना कडी.)
पगार एका डब्यात टाकायचा तर हात कितव्या नोटेला अडतो?
माफी सकाळीच मागता येते
की संध्याकाळ व्हावी लागते?

फिरके मास्तर म्हणाले, मला सगळं चालेल.
सगळं चालणाऱ्याला मी जेवणापर्यंत बसवून ठेवतो.
पहिल्याच घासाला म्हणाले, वांगं कच्चं राहिलंय,
कळण्याची भाकर अशी थापतात का कुणी?
मग पाऊण तास खरं बोलले.
त्यांना नऊ नंबरला पाठवलं,
तिथे भांडण दर गुरुवारी, घड्याळ लावून होतं.

मुमताज तडवी, नर्स, दोन पिशव्या घेऊन आलेली.
माझी नमाज, माझं वेगळं पातेलं, माझी रात्रपाळी.
बसेल कुठे?
चार टेबलं हसून म्हणाली, अवश्य, अवश्य.
पाचव्यावरच्या बाईने चष्मा पुसत विचारलं,
सुटतेस कितीला? चहा कधी टाकू?
मी रजिस्टर ओढलं,
लिहिलं : पाचला लागली.

लोटनचं हे तिसरं वर्ष.
पहिली वस्ती विहिरीच्या मोटारीवरून मोडली.
दुसरीचं त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
'आप्पा, आठे मन्हं कोन शे?'
हसत म्हणाला, पण पाटीकडे बघत.

माझ्याकडे त्याच्यासाठी गाडी नव्हती.
असं व्हायचं खिडकीतही.
शेवटची निघून गेलेली, बाकावर एकटा माणूस,
गळ्याशी रुमाल आवळून.
मी आतून खुर्ची सरकवायचो. नियमात नव्हतं.

म्हटलं, बैस तूर्त. मागे मिरच्या खुडायच्यात,
रात्रीच्या भरताला.
तिथे आधीच चौघं होती,
दिवसभरात मला न जुळलेली :
पारोळ्याची विधवा शिंपीण,
शहादा सोडून आलेला तबलजी,
दोघी बहिणी, एकमेकींशी न बोलणाऱ्या.

पऱ्हाट्यांचा जाळ पडला. वांगी सोलली.
बडजीत ठेचता ठेचता मिठावरून आवाज चढले.
कुणी टाकलं, किती टाकलं, कुणाला विचारून टाकलं.
लोटनने मिरचीचा हात डोळ्याला लावला
आणि तिघं एकदम उठली पाण्याला,
त्यांत एक बहीण दुसरीला ओरडली,
'अगं तांब्या नको, घागरच आण.'

मी काही बोललो नाही.
कान सवयीचा आहे माझा,
गाडी वळणावर असते तेव्हाच इंजिन ओळखतो.
चुकलोयही बऱ्याचदा.
कितीदा उभं केलंय लोकांना
न येणाऱ्या गाडीसाठी.

तरी टेबलवाला हिशेबाला आला तेव्हा सांगून ठेवलं,
पुढच्या साली वीस.
विसावं कुणाच्या नावावर?
नाव नाही अजून, म्हटलं. तू लिही.